एआय धोरण दिल्लीचे, हिशेब अंबरनाथ-बदलापूरचा

सरकारच्या कृत्रिम बुद्धिमत्ताविषयक धोरणाचे मोजमाप उद्योग संघटना कोणत्या निकषांवर करतात आणि त्या मोजमापात लघुउद्योजकाचा आवाज कितपत पोहोचतो?

अंबरनाथ, प्रतिनिधी

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ५ नोव्हेंबर २०२५ रोजी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजेच एआयच्या, नियमनासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. तूर्त स्वतंत्र कायद्याची गरज नाही, अस्तित्वात असलेल्या कायद्यांच्या आधारेच या तंत्रज्ञानाला शिस्त लावता येईल, ही त्यातील मध्यवर्ती भूमिका होती. उद्योगजगतातून तिचे सर्वसाधारणपणे स्वागतच झाले. मात्र त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत, १० फेब्रुवारी २०२६ रोजी, एआयच्या साह्याने तयार केलेल्या चित्रे, ध्वनी व चित्रफितींसंबंधीचे बंधनकारक नियम अधिसूचित झाले आणि २० फेब्रुवारीपासून ते अमलातही आले. ‘कायदा नको’ म्हणणारे धोरण आणि ठरावीक मुदतीत मजकूर हटविण्याची सक्ती करणारे नियम, ही दोन्ही एकाच मंत्रालयाची अपत्ये आहेत. त्यामुळे सरकारी धोरण उद्योगाला अनुकूल आहे की प्रतिकूल, या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देता येत नाही.

हे उत्तर शोधण्याचे काम देशातील उद्योग संघटना सातत्याने करीत असतात. त्यांचे अभिप्राय वृत्तपत्रांतून ‘स्वागत’ किंवा ‘नाराजी’ अशा एका शब्दात येतात. त्यामागील पद्धत सहसा वाचकांसमोर येत नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या सलग शहरांच्या पट्ट्यात जीन्सच्या शिलाईपासून रसायनांपर्यंत आणि लाकडी फर्निचरपासून संरक्षण सामग्रीपर्यंत विविध उद्योग आहेत. दिल्लीतील धोरणाचा खरा कस लागतो तो अशाच ठिकाणी. म्हणूनच ही पद्धत समजून घेणे येथील उद्योजकांना, कामगारांना आणि रहिवाशांनाही आवश्यक ठरते.

धोरणाचा आजवरचा प्रवास

भारतात या विषयावरील एक व्यापक सरकारी दस्तऐवज नीती आयोगाने जून २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. आरोग्य, शेती, शिक्षण, स्मार्ट शहरे व पायाभूत सुविधा आणि वाहतूक या पाच क्षेत्रांवर त्याचा भर होता. कारखानदारी या पाचांत नव्हती, ही बाब औद्योगिक पट्ट्यांच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

प्रत्यक्ष निधीची तरतूद झाली ती २०२४ मध्ये. केंद्रीय मंत्रिमंडळाने ७ मार्च २०२४ रोजी ‘इंडिया एआय मिशन’ला मंजुरी दिली आणि पाच वर्षांसाठी १० हजार ३७१ कोटी ९२ लाख रुपयांचा खर्च मान्य केला. संगणनक्षमता, संशोधन केंद्र, माहितीसंचांचा मंच, उपयोजनांचा विकास, कौशल्य प्रशिक्षण, नवउद्योगांना अर्थसाह्य आणि सुरक्षित व विश्वासार्ह एआय असे या मिशनचे सात भाग आहेत. एआयची प्रारूपे घडविण्यासाठी लागणारे जीपीयू हे महागडे संगणकीय घटक नवउद्योग, लघुउद्योग आणि संशोधकांना सवलतीच्या दराने उपलब्ध करून देणे, हा त्यातील सर्वांत मोठा कार्यक्रम आहे. प्रारंभी दहा हजार जीपीयूंचे उद्दिष्ट होते. २०२५ मध्येच ही संख्या तीस हजारांच्या पुढे गेली.

नियमनाच्या आघाडीवर जानेवारी २०२५ मध्ये एका उपसमितीचा अहवाल जनतेच्या अभिप्रायासाठी खुला करण्यात आला. त्यानंतर आयआयटी मद्रासचे प्रा. बलरामन रवींद्रन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अंतिम मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा तयार केला. विश्वास, माणसाला प्राधान्य, निर्बंधापेक्षा नवनिर्मितीला झुकते माप, न्याय व समता, उत्तरदायित्व, समजण्याजोगी रचना आणि सुरक्षितता व शाश्वतता ही सात सूत्रे त्यातूनच पुढे आली.

राज्य पातळीवर महाराष्ट्र मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये शेतीसाठीच्या ‘महाॲग्री-एआय’ धोरणाला मान्यता दिली आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. पोलीस तपासासाठी ‘मार्व्हल’ ही कंपनी राज्याने त्याआधीच, २०२४ मध्ये स्थापन केली होती.

बोलतो तो ‘उद्योग’ कोणता?

‘उद्योगाची भूमिका’ असा शब्दप्रयोग सर्रास केला जातो. प्रत्यक्षात ही भूमिका मांडणाऱ्या संघटनांचे तीन थर आहेत.

सर्वांत वर देशव्यापी शिखर संघटना आहेत. १८९५ मध्ये मूळ धरलेली सीआयआय, १९२० मधील असोचॅम आणि १९२७ मधील फिक्की या त्यांपैकी प्रमुख होत. पोलादापासून पर्यटनापर्यंत सर्व व्यवसाय त्यांच्या कक्षेत येत असल्याने त्यांचे अभिप्राय व्यापक असतात. दुसऱ्या थरात विशिष्ट क्षेत्रापुरत्या संघटना येतात. सॉफ्टवेअर उद्योगाची १९८८ मध्ये स्थापन झालेली नॅसकॉम आणि इंटरनेट कंपन्यांची आयएएमएआय या एआयच्या प्रश्नावर सर्वाधिक सक्रिय आहेत. जागतिक सॉफ्टवेअर कंपन्यांच्या वतीने बीएसए ही संघटनाही भारत सरकारला नियमितपणे निवेदने देत असते.

तिसरा थर स्थानिक संघटनांचा. अंबरनाथच्या आनंदनगर औद्योगिक क्षेत्रातील ॲडिशनल अंबरनाथ मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन (आमा), डोंबिवलीची कल्याण अंबरनाथ मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन (कामा), ठाण्याची टिसा आणि लघुउद्योग संघटनांना एकत्र आणणारी कोसिया ही या भागातील परिचित नावे. पाणी, वीज, रस्ते, सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि एमआयडीसीचे शुल्क हे या संघटनांचे नित्याचे विषय. बारवी धरणातून येणाऱ्या पाण्याच्या कपातीवर ज्या तत्परतेने येथे बैठक बोलावली जाते, त्या तत्परतेने एआयच्या मसुद्यावर बोलावली जाणे कठीण. आणि त्यात संघटनांचा दोष आहे असेही म्हणता येत नाही. पाणी आज बंद होते, धोरणाचा परिणाम मात्र दोन वर्षांनी जाणवतो.

परिणामी दिल्लीतील चर्चेत पहिल्या दोन थरांचा, विशेषतः दुसऱ्या थराचा, आवाज ठळक राहतो. हा थर मुख्यतः एआय बनविणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांचा आहे. अंबरनाथचा कारखानदार मात्र एआय विकत घेणारा आहे. दोघांचे हित प्रत्येक वेळी जुळेलच असे नाही.

मूल्यमापनाच्या पाच कसोट्या

सरकारी मसुदा प्रसिद्ध झाला की संघटनेचा धोरण विभाग तो सदस्य कंपन्यांकडे पाठवितो. त्यांच्या विधी व तांत्रिक विभागांकडून हरकती येतात, त्यांचे संकलन होते, परस्परविरोधी मुद्दे गाळले जातात आणि विहित नमुन्यात कलमवार निवेदन सादर होते. हे करताना साधारणतः पाच प्रश्न विचारले जातात.

पहिली कसोटी व्याख्येची. कायद्यात ‘एआय’ कशाला म्हटले आहे, यावर नियमाची व्याप्ती ठरते. व्याख्या सैल असेल तर साधे गणिती सूत्र वापरणारे यंत्रही तिच्यात येते. उदाहरणार्थ, तापमान ठरावीक पातळीच्या वर गेल्यास भट्टी आपोआप बंद करणारी जुनी नियंत्रण प्रणाली ही एआय नव्हे. परंतु मागील नोंदींवरून बिघाडाचा अंदाज बांधणारी प्रणाली एआय ठरू शकते. अभियांत्रिकी कारखान्यात या दोन्ही प्रणाली एकाच पॅनेलमध्ये शेजारी शेजारी असू शकतात. सीमारेषा स्पष्ट नसेल तर कारखानदाराला कोणता नियम लागू आहे, हेच कळणार नाही.

दुसरी कसोटी जबाबदारीची. प्रारूप बनविणारा, ते उत्पादनात बसवून विकणारा आणि प्रत्यक्ष वापरणारा हे तीन निरनिराळे घटक आहेत. चूक झाल्यास भरपाई कोणी द्यायची? समजा, बदलापूरच्या एखाद्या रासायनिक कारखान्याने वायुगळतीची आगाऊ सूचना देणारी प्रणाली बसविली आणि ऐन वेळी तिने सूचना दिली नाही. कारखाना सुरक्षिततेच्या कायद्यानुसार अंतिम जबाबदारी भोगवटादाराची असते. प्रणाली विकणारी कंपनी मात्र करारातील बारीक अक्षरांतल्या अटींकडे बोट दाखवू शकते. जून २०२१ मध्ये बदलापूर औद्योगिक वसाहतीत वायुगळती होऊन परिसरातील नागरिकांना श्वसनाचा त्रास झाला होता. त्यामुळे हा प्रश्न येथे केवळ वकिलांचा राहत नाही. नोव्हेंबर २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी प्रत्येक घटकाच्या भूमिकेनुसार आणि धोक्याच्या प्रमाणात जबाबदारी निश्चित करावी असे सुचविले आहे. मात्र ती प्रत्यक्षात कशी विभागायची याचे कोष्टक अद्याप कायद्यात उतरलेले नाही.

तिसरी कसोटी अनुपालनाच्या खर्चाची. नोंदी ठेवणे, लेखापरीक्षण करून घेणे, तक्रार निवारण अधिकारी नेमणे यांचा खर्च मोठ्या कंपनीच्या उलाढालीत दिसतही नाही. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ ठरतो. आनंदनगर, मोरिवली किंवा बदलापूरच्या वसाहतीतील अनेक गाळ्यांत मालक स्वतःच खरेदी, उत्पादन आणि हिशेब पाहतो. तेथे एका अतिरिक्त अहवालाचा भार वेगळ्या मापाने मोजावा लागतो.

चौथी कसोटी कायद्यांच्या गुंतागुंतीची. नवा नियम जुन्या नियमाशी जुळतो की नाही, हे पाहिले जाते. कारखान्याच्या फाटकावर चेहरा ओळखून हजेरी नोंदविणारे यंत्र बसविले तर कामगारांच्या चेहऱ्याची माहिती ही वैयक्तिक माहिती ठरते आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लागू होतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यातील बहुतांश जबाबदाऱ्या १८ महिन्यांनंतर लागू होणार आहेत. उल्लंघनासाठी कमाल दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. हजेरीचे यंत्र विकणारा विक्रेता ही बाब सहसा सांगत नाही.

पाचवी कसोटी कालमर्यादेची. मसुद्यावर विचार करण्यास किती दिवस आणि अमलासाठी किती महिने? केंद्र सरकारने २०१४ मध्ये स्वीकारलेल्या कायदापूर्व विचारविनिमय धोरणानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर असावा, असा संकेत आहे. कृत्रिम मजकुराच्या नियमांचा मसुदा २२ ऑक्टोबर २०२५ रोजी आला तेव्हा प्रारंभी अभिप्रायासाठी ६ नोव्हेंबरपर्यंतचीच मुदत होती. म्हणजे जेमतेम पंधरा दिवस. तेही ऐन दिवाळीत.

अभिप्रायाने काय बदलते?

संघटनांच्या निवेदनांना खरोखर काही अर्थ असतो का, याचे उत्तर दोन घटनांतून मिळते.

मंत्रालयाने १ मार्च २०२४ रोजी एक सल्लापत्र काढले. पुरेशी चाचणी न झालेली किंवा अविश्वसनीय एआय प्रारूपे भारतीय वापरकर्त्यांना उपलब्ध करून देण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी, असे त्यात म्हटले होते. परवाना पद्धतीची आठवण करून देणाऱ्या या अटीवर नवउद्योजकांतून तीव्र प्रतिक्रिया उमटल्या. ही सूचना नवउद्योगांना नव्हे तर मोठ्या मंचांना लागू असल्याचा खुलासा तत्कालीन राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांना काही दिवसांतच करावा लागला. पुढे १५ मार्चला सुधारित सल्लापत्र आले आणि परवानगीची अट वगळण्यात आली. अवघ्या दोन आठवड्यांत धोरणाची दिशा पालटल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

दुसरी घटना कृत्रिम मजकुराच्या नियमांची. ऑक्टोबर २०२५ च्या मसुद्यात एआयनिर्मित चित्राच्या किमान १० टक्के भागावर, आणि ध्वनीच्या बाबतीत पहिल्या १० टक्के कालावधीत, तशी खूण असावी अशी अट होती. व्याख्या फार व्यापक आहे आणि टक्केवारीची अट अव्यवहार्य आहे, हे उद्योग संघटनांचे प्रमुख आक्षेप होते. फेब्रुवारी २०२६ च्या अंतिम नियमांतून १० टक्क्यांची अट गेली. प्रामाणिक हेतूने केलेले नेहमीचे संपादन, रंगसुधारणा यांसारख्या गोष्टी व्याख्येबाहेर ठेवण्यात आल्या. मात्र त्याच वेळी आदेश मिळाल्यानंतर बेकायदा मजकूर हटविण्याची ३६ तासांची मुदत तीन तासांवर आणण्यात आली. उद्योगाला एका हाताने मिळाले, दुसऱ्या हाताने गेले.

या नियमांचा उल्हासनगरशी संबंध काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. तयार जीन्स आणि कपडे ऑनलाइन विकणारा व्यापारी आता छायाचित्रकार व मॉडेल यांच्यावर खर्च करण्याऐवजी संगणकाकडून चित्र बनवून घेऊ शकतो. प्रत्यक्ष कपड्याच्या छायाचित्राचा प्रकाश सुधारणे ही एक गोष्ट. अस्तित्वात नसलेल्या व्यक्तीच्या अंगावर तो कपडा खराखुरा वाटावा असा दाखविणे ही दुसरी. पहिली नियमाबाहेर राहते, दुसरीवर खूण असणे अपेक्षित ठरू शकते. समाजमाध्यमांचे मोठे मंच हे चित्र अपलोड करणाऱ्याकडून तसे घोषणापत्र मागणार असल्याने कॅम्पातील दुकानदारालाही नियमाची तोंडओळख आवश्यक आहे. व्याख्येतील अपवाद त्याने मागितला नव्हता. परंतु त्याचा लाभ त्याला मिळतो.

उद्योगातच दोन तट

सर्व उद्योग एका बाजूला आणि सरकार दुसऱ्या बाजूला, असे चित्र मात्र खरे नाही. एआय प्रारूपांच्या प्रशिक्षणासाठी पुस्तके, बातम्या, संगीत यांचा वापर करताना मूळ निर्मात्याला मोबदला द्यावा की नाही, या प्रश्नावर उद्योगातच फूट आहे. उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाने एप्रिल २०२५ मध्ये नेमलेल्या समितीचा टिपणीवजा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रशिक्षणासाठी सरसकट परवाना द्यावा, मात्र निर्मात्यांना स्वामित्वधन अनिवार्य असावे, असा त्याचा आशय होता. समितीत प्रतिनिधित्व असलेल्या नॅसकॉमने त्याविरोधात आपले भिन्नमत नोंदविले आणि माहितीच्या संगणकीय विश्लेषणाला कायद्यात सूट असावी, अशी मागणी केली. दुसरीकडे वृत्तप्रकाशक मोबदल्यासाठी आग्रही आहेत. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्यामागेही हाच वाद आहे.

‘उद्योगाचा विरोध’ अशी बातमी वाचताना कोणत्या उद्योगाचा, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा. आपल्या मालाची रचना कोणी उचलू नये असे वाटणारा फर्निचर बनविणारा कारागीर या वादात मजकूरनिर्मात्यांच्या बाजूला उभा राहील. तयार एआय सेवा स्वस्त मिळावी असे वाटणारा व्यापारी नॅसकॉमच्या. उल्हासनगरात हे दोघे एकाच गल्लीत भेटू शकतात.

युरोपचा अनुभव

युरोपीय महासंघाचा एआय कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अस्तित्वात आला. धोक्याच्या प्रमाणात निर्बंध, ही त्याची पद्धत. निषिद्ध वापरासाठी साडेतीन कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या सात टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तितक्या दंडाची तरतूद त्यात आहे. जुलै २०२५ मध्ये एअरबस, मर्सिडीज-बेंझ यांच्यासह चाळीसहून अधिक युरोपीय कंपन्यांच्या प्रमुखांनी महत्त्वाच्या तरतुदी दोन वर्षे पुढे ढकलण्याची जाहीर मागणी केली. युरोपीय आयोगाने ती तेव्हा मान्य केली नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मात्र अधिक धोक्याच्या प्रणालींसंबंधीच्या तरतुदी लांबणीवर टाकण्याचा प्रस्ताव आयोगानेच मांडला.

हा दूरचा विषय वाटेल. पण अंबरनाथ-बदलापूरच्या निर्यातदारांना युरोपीय नियम घरी येण्याचा अनुभव आहे. रसायनांच्या नोंदणीसंबंधीचा ‘रीच’ हा युरोपीय नियम २००७ मध्ये लागू झाला आणि भारतातील रसायन निर्यातदारांना युरोपातील ग्राहकांसाठी कागदपत्रांची पूर्तता करावी लागली. उद्या यंत्रातील सुरक्षेशी संबंधित भागात एआय असेल तर युरोपीय खरेदीदार त्याचेही दाखले मागेल. भारतातील धोरण सौम्य असले तरी निर्यातदाराची सुटका होत नाही, हा मुद्दा निर्यातप्रधान उद्योगांच्या संघटनांना आपल्या मूल्यमापनात घ्यावा लागतो.

तीन शहरे, तीन गरजा

फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी नामकरण झालेले उल्हासनगर हे मुख्यतः व्यापार आणि लघुउत्पादनाचे शहर. जीन्स, फर्निचर, इलेक्ट्रॉनिक वस्तू यांच्या बाजारपेठा ही त्याची ओळख. येथील उपयोग मुख्यतः विक्री, जाहिरात, मागणीचा अंदाज आणि ग्राहकसेवेचे असू शकतात. त्यासाठी जीपीयूची गरज नसते. गरज असते ती मराठी, हिंदी आणि सिंधी समजणाऱ्या सोप्या, स्वस्त सेवेची.

अंबरनाथचे स्वरूप निराळे. येथील आयुध निर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी ऑक्टोबर २०२१ पासून संरक्षण क्षेत्रातील नव्या सरकारी कंपन्यांचा भाग झाल्या आहेत. डीआरडीओची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळाही येथेच आहे. त्यांच्या जोडीला अभियांत्रिकी, औषधे आणि रसायनांचे शेकडो खासगी उद्योग आहेत. सुट्या भागांतील दोष कॅमेऱ्याने टिपणे, यंत्र बंद पडण्यापूर्वी त्याची चाहूल लागणे, विजेची बचत हे येथील संभाव्य उपयोग होत. त्यासाठी आधी यंत्रांवर संवेदक हवेत आणि वर्षभराच्या नोंदी हव्यात. अनेक लघुउद्योगांत उत्पादनाची नोंद आजही वहीत होते. वहीतील नोंदीवर एआय चालत नाही. मिशनमधील संगणनक्षमतेवरील चाळीस टक्क्यांपर्यंतची सवलत या टप्प्यावरील कारखानदाराच्या उपयोगाची नाही. त्याच्यासाठी अवजड उद्योग मंत्रालयाच्या ‘समर्थ उद्योग’ उपक्रमाखाली उभे राहिलेले पुण्याचे सी-फोर-आय-फोर लॅब यांसारखे केंद्र अधिक जवळचे. तेथे कारखान्याची डिजिटल पूर्वतयारी तपासण्यावर आणि प्रशिक्षणावर भर आहे.

बदलापूरच्या वसाहतीत रासायनिक उद्योग अधिक असल्याने सुरक्षितता आणि प्रदूषण नियंत्रण हे विषय अग्रक्रमाचे ठरतात. या बाबतीत पूर्वानुभव बोधप्रद आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ पासून अधिक प्रदूषणकारी अशा १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाणी व धुराची सतत मोजणी करणारी यंत्रणा बसविण्यास सांगितले. यंत्रे आली, त्यांच्या देखभालीचा खर्चही आला आणि मोजणी अचूक असल्याची खात्री कोणी द्यायची, हा प्रश्नही आला. नियम कागदावर सोपा वाटला तरी कारखान्यात त्याला पाना, पाइप आणि माणूस लागतो, हे त्यातून दिसले. उल्हासनगरात वालधुनी नदीच्या प्रदूषणावरून न्यायालयीन लढे झाले आणि जीन्स धुण्याच्या अनेक युनिटांवर बंद होण्याची पाळी आली. वर्षानुवर्षे दुर्लक्ष आणि मग एकाएकी टाळे, असा क्रम असेल तर नदीचेही नुकसान होते आणि रोजगाराचेही. एआयच्या बाबतीत हा क्रम टाळायचा असेल तर नियम आधी, सौम्य आणि स्पष्ट असणे सर्वांच्याच हिताचे आहे. ‘नियम नकोतच’ ही मागणी त्या दृष्टीने उद्योगाच्याही सोयीची नाही.

मोजमापातील उणिवा

उद्योग संघटनांचे मूल्यमापन काळजीपूर्वक वाचल्यास काही गोष्टी त्यात सहसा आढळत नाहीत. पहिली म्हणजे कामगार. कॅमेऱ्याने तपासणी होऊ लागली की गुणवत्ता तपासनिसाची जागा राहील का, कंत्राटी कामगाराच्या हालचालींवर यंत्राने नजर ठेवावी का, हजेरीच्या यंत्राने चेहरा ओळखला नाही तर त्या दिवसाच्या मजुरीचे काय, हे प्रश्न निवेदनांत क्वचितच असतात. ते मांडण्याची जबाबदारी कामगार संघटनांवर येते. पण एआयच्या मसुद्यांवर त्यांचे अभिप्राय विरळाच दिसतात.

दुसरी उणीव शेजाऱ्यांची. औद्योगिक वसाहती आणि निवासी इमारती यांच्यातील अंतर या पट्ट्यात झपाट्याने कमी झाले आहे. सुरक्षेच्या प्रणालीने धोक्याची सूचना दिली तर ती केवळ कारखान्याच्या नियंत्रण कक्षापर्यंत जावी, की नगरपालिका आणि रहिवाशांपर्यंतही, हा धोरणाचा प्रश्न आहे. मार्गदर्शक तत्त्वांमध्ये एआयमुळे घडलेल्या दुर्घटनांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणा सुचविली आहे. अशी नोंद खुली असावी, की गोपनीय, यावर उद्योग आणि नागरिक यांची मते भिन्न असणार, हे उघड आहे.

तिसरी उणीव भाषेची. मसुदे इंग्रजीत असतात, अभिप्रायाचे नमुनेही इंग्रजीत. गाळ्यात बसलेल्या उद्योजकाला त्यातील कलमाचा अर्थ लावण्यासाठी सल्लागार लागतो आणि सल्लागार येईपर्यंत मुदत संपते.

स्थानिक पातळीवर काय शक्य?

शिखर संघटनांकडे तज्ज्ञांचे विभाग आहेत, स्थानिक संघटनांकडे ते असणार नाहीत. तरीही वर सांगितलेल्या पाच कसोट्यांना धरून एक पानाचे निवेदन तयार करणे आवाक्याबाहेरचे नाही. आपल्या वसाहतीत कोणत्या प्रकारची यंत्रणा वापरली जाते, तिचा विक्रेता कोण, करारात जबाबदारीबाबत काय लिहिले आहे आणि नव्या नियमामुळे नेमके कोणते काम वाढते, एवढ्या चार गोष्टी सदस्यांकडून गोळा केल्या तरी दिल्लीत नसलेली माहिती त्यातून उभी राहते. मंत्रालयाला कलमांवरील विद्वत्तापूर्ण भाष्य भरपूर मिळते. मोरिवलीच्या गाळ्यात ते कलम पाळायला किती तास लागतील, हे सांगणारे फारसे कोणी नसते.

खरेदीच्या वेळीही हीच दक्षता उपयोगी पडते. प्रणालीची चूक झाल्यास भरपाई कोणाची, कारखान्याची माहिती विक्रेत्याच्या सर्व्हरवर किती काळ राहणार, ती अन्य ग्राहकांसाठीचे प्रारूप शिकविण्यास वापरली जाणार का आणि करार संपल्यावर ती परत मिळणार का, हे चार प्रश्न लेखी विचारण्यास कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. एकट्या गाळेधारकाला विक्रेता दाद देणार नाही. पन्नास सदस्यांच्या वतीने संघटनेने एकच नमुना करार पुढे केला तर परिस्थिती बदलू शकते.

फेब्रुवारी २०२६ मध्ये नवी दिल्लीत एआयविषयक जागतिक शिखर परिषद पार पडली आणि भारताची भूमिका जगासमोर मांडली गेली. पुढील टप्पा अंमलबजावणीचा आहे. जबाबदारीच्या विभागणीचे नियम, दुर्घटनांच्या नोंदीची यंत्रणा, स्वामित्वधनाचा निर्णय यांचे मसुदे जसजसे येतील, तसतशी अभिप्रायाची दारे पुन्हा थोड्या दिवसांसाठी उघडतील. त्या दिवसांत निवेदनांच्या गठ्ठ्यात अंबरनाथ-बदलापूरच्या वसाहतींतून किंवा उल्हासनगरच्या बाजारपेठेतून एखादा कागद पोहोचतो की नाही, यावर पुढील नियम येथील गाळ्याच्या मापाचे होतात की बंगळुरूच्या मनोऱ्यांच्या, हे बऱ्याच अंशी ठरणार आहे.